डोळ्याचा रकाना

माझ्या गाडीला दोन ब्रेक आहेत. एक चालवणाऱ्याच्या पायाशी, दुसरा शेजारी बसणाऱ्याच्या. सव्वीस वर्षं मी त्या शेजारच्या सीटवर बसून लोकांना गाडी शिकवली, आणि त्या दुसऱ्या ब्रेकच्या जिवावरच आज हे सांगायला जिवंत आहे. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा क्लास बंद केला. सगळे म्हणाले, तो जादा ब्रेक आता काढून टाक. मी म्हटलं, राहू दे, तो काय खायला मागतो? तसा तो राहिला.

हे आधीच सांगून ठेवलं, म्हणजे मध्ये थांबून समजावायला नको. बाकी गोष्ट माझी नाही, भुसाताईची आहे.

भुसाताई माझी शाळेपासूनची मैत्रीण. संग्रहालयात मेलेल्या पशुपक्ष्यांची कातडी सोडवायची, आत तारेचा सांगाडा घालायचा, भुसा भरायचा आणि त्यांना जिवंत असल्यासारखं उभं करायचं, हे तिचं काम. बत्तीस वर्षं तिने दुसरं काही केलं नाही. नाव कुणी ठेवलं माहीत नाही, पण तिला ते आवडतं. "लोकांच्या डोक्यात आपोआप भरलेला असतो, मला हाताने भरावा लागतो," असं ती स्वतःच म्हणून घेते. म्हणजे दुसऱ्या कुणाला विनोद करायची संधीच नाही.

लग्न केलं नाही. भावाकडे राहते. भावजय स्वभावाने बरी आहे, पण एकदा तिने मटार काढायला फ्रीजरमध्ये हात घातला आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं घुबड बाहेर आलं. त्या दिवसापासून घरात दोन फ्रीज आहेत. दुसऱ्याला भावजय कुलूप लावते, आणि किल्ली नणंदेच्या गळ्यात.

गाडी ती माझ्याकडेच शिकायला आली आणि माझ्या क्लासची अब्रू तिने पार वेशीला टांगली. चार वेळा परीक्षेला बसली, चारही वेळा नापास. हात चांगला, गिअर चांगला, पण रस्त्याकडेला काही मेलेलं दिसलं की बाईसाहेबांचा पाय ब्रेकवर. चौथ्या वेळी तर शेजारी परीक्षक बसलेला असताना ही भर चौकात गाडी थांबवून खाली उतरली आणि एक चिरडलेली खार रुमालात घेऊन आली. परीक्षक दार उघडून चालत निघून गेला. मी तिला इतकी बोलले, इतकी बोलले, आणि ती खारीची शेपटी चाचपत म्हणते कशी, "हिची शेपटी अगदी शाबूत आहे गं." आता काय डोंबल बोलणार!

तिची खोली संग्रहालयाच्या तळघरात. वर छताशी एक आडवी खिडकी, तिच्यातून रस्त्यावरून जाणाऱ्यांचे फक्त पाय दिसतात. एका भिंतीला चाळीस ड्रॉवरचं लाकडी कपाट, आणि त्यात डोळे. काचेचे डोळे. मी पहिल्यांदा एक ड्रॉवर ओढला तेव्हा दीडशे डोळे एकदम माझ्याकडे बघायला लागले आणि मी किंचाळले. ती हसून हसून स्टुलावरून पडायची बाकी होती.

त्या खोलीतली एक गोष्ट समजून घ्यायला हवी. प्रत्येक प्राण्याच्या पायाला एक चिठ्ठी बांधलेली असते. कधी सापडला, कुठे, कुणी आणून दिला, वजन किती, असे रकाने. शेवटचा रकाना डोळ्याच्या रंगाचा. तोच सगळ्यांत महत्त्वाचा, असं ती सांगते. पिसं टिकतात, चोच टिकते, नखं टिकतात. डोळा मात्र लगेच पांढुरका पडतो, मग तो कसा होता हे ज्याने जिवंत पाहिला तोच सांगू शकतो. म्हणून त्या रकान्यात माहीत नसलेलं लिहायचं नाही. कोरा ठेवायचा, पण खोटं लिहायचं नाही. त्यांच्या धंद्यातला हाच एक धर्म.

आणि हिने लिहिलं होतं.

हे मला कळलं तीन आठवड्यांपूर्वी, माझ्या स्वयंपाकघरात. मी चहा टाकत होते. माझी धाकटी जाऊ टेबलावर कापड पसरून ब्लाउज बेतत बसली होती. ती शिवणकाम करते. स्वतः आजी झाली तरी सगळे तिला अजून धाकटीच म्हणतात. भुसाताई आली, खुर्चीत बसली, आणि रिकामा कप हातात घेऊन म्हणाली, "मला तुमच्या दोघींना एक सांगायचंय. हसायचं नाही."

नोकरीला लागून वर्ष झालं असेल तिला. वय सत्तावीस. तळघरात चार पुरुष आणि ही एकटी बाई. एक दिवस जेट्टीवरचा एक जाळी विणणारा माणूस चार तास बसने प्रवास करून आला. ओल्या पोत्यात एक पाणकावळा होता. त्याच्या जाळ्यात अडकून मेला होता. फुकट जाऊ नये म्हणून आणला, असं म्हणाला. चिठ्ठी लिहायला हीच बसली. डोळ्याचा रकाना आला तेव्हा तो माणूस म्हणाला, "हिरवा. हिरवागार." त्यावर तिचे उस्ताद खो खो हसले. "काळ्या पक्ष्याला हिरवे डोळे? रात्रीची उतरली नाही वाटतं अजून!" सगळे हसले. हीसुद्धा हसली. उस्तादांनी सांगितलं, तपकिरी घाल, तपकिरी लिही. हिने घातले आणि लिहिलं. त्या माणसाचं नावही विचारलं नाही. "कुणाकडून" या रकान्यात "अज्ञात".

"तीन महिन्यांनी तो परत आला," भुसाताई म्हणाली. "फक्त बघायला. कपाटासमोर उभा राहिला. माझं पहिलंच स्वतंत्र काम होतं, मी कौतुकाच्या आशेने शेजारी जाऊन उभी राहिले. तो म्हणाला, 'हा तो नाही.' आणि निघून गेला."

धाकटीची कात्री थांबली होती.

"मग आता एकतीस वर्षांनी काय झालं?" मी विचारलं. माझा आवाज जरा चढलाच असेल. कुणी असं गुळमुळीत बोलायला लागलं की मला चीड येते.

"महिनाअखेरच्या शुक्रवारी मी रिटायर होतेय. नवं दालन तयार झालंय. त्याच दिवशी सगळ्या कपाटांच्या काचा कायमच्या बसवून टाकणार. किडा नको, बुरशी नको, म्हणून आत हवासुद्धा जाणार नाही. नंतर कुणालाही ती उघडता येणार नाहीत. ते डोळे तसेच राहतील. मी मेल्यावरसुद्धा."

धाकटीने तोवर फोन काढला होता. तिला कुठल्याही प्रश्नावर आधी फोन काढायची सवय. "हा बघा, हिरवा! अय्या, पण हा तपकिरी आहे. आणि हा चक्क निळा दिसतोय. भुसाताई, कदाचित तुमचंच बरोबर असेल."

"असेलही," भुसाताई म्हणाली. "फोटोवरून आम्ही रंग घेत नाही. खरा बघायला हवा."

"एवढी पुस्तकं आहेत तिथे, एकतीस वर्षांत एक उघडून बघता आलं नाही?" मी म्हटलं.

"उघडली सगळी. ते एक पान सोडून."

मी वळून गॅस बंद केला. चहा उतू गेला तेवढा पुसला.

तर अशा रीतीने शेवटच्या आठवड्याच्या आधीचा शनिवार ठरला. समुद्राकाठच्या रस्त्याने त्याच जेट्टीपर्यंत जायचं, वाटेत मुक्काम, रविवारी पाणकावळे बघायचे आणि परत. त्या माणसाबद्दल भुसाताई अवाक्षर बोलली नाही. मीही विचारलं नाही. तिने एक चपटा पत्र्याचा डबा घेतला होता. त्यात कापसात ठेवलेले बिनरंगी काचेचे डोळे, रंगाच्या नळ्या आणि तीन बारीक ब्रश. त्या डोळ्यांत मधली काळी बाहुली तेवढी असते, बाकी काच साफ. मागच्या बाजूने हवा तो रंग भरायचा. धाकटीने उकडलेली अंडी, पाव, केळी आणि का कोण जाणे, आपला रिळांचा मोठा डबा घेतला. म्हणाली, "राहू दे हो ताई, सवय आहे. तो जवळ नसला की मला चुकल्यासारखं होतं."

भुसाताई मागे दुर्बीण घेऊन. मी चालवत होते. आणि धाकटी माझ्या शेजारी, म्हणजे दुसऱ्या ब्रेकवर.

मी तिला निघताना बजावलं होतं. पाय आखडून बस, त्या पेडलला हात लावू नकोस, पायही लावू नकोस. तिने मान डोलावली. गाव सुटलं, वळण घेतलं, समुद्र दिसला, आणि धाकटी ओरडली, "बगळा!" गाडी जागच्या जागी थांबली. माझं कपाळ स्टिअरिंगवर आपटता आपटता वाचलं. मागून येणाऱ्या टेम्पोवाल्याने आमच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

"अगं ए! बगळा दिसला की ब्रेक मारायचा?"

"मुद्दाम नाही हो मारला, ताई. डोळ्यांनी बघितलं आणि पायाने दाबलं गेलं."

खरं सांगते, दिवसभर हेच. तिने पस्तीस वर्षं शिलाई मशीन चालवलंय. डोळा थांबला की पाय थांबणार, हे तिच्या अंगात मुरलेलं. खाडीच्या पुलावर खंड्या दिसला, दाबला ब्रेक. लाल खेकड्यांची फौज रस्ता ओलांडत होती, तिथे मात्र दाबला ते बरंच केलं. एकदा तर वाऱ्यावर उडणारी काळी पिशवी दिसली तिला. तेव्हा मी गाडी बाजूला घेतली, खाली उतरले आणि रस्त्याकडेला उभी राहून मोठ्याने दहा आकडे मोजले.

पण भुसाताईचं काय झालं ते सांगायला हवं, कारण मला ते अजून आठवतं. त्या पहिल्या बगळ्याकडे ती दुर्बिणीतून बघत राहिली. मी शिव्या घालत होते, तिला ऐकूच जात नव्हतं. मग हळूच म्हणाली, "मान इथून वळते होय! मी दोन बोटं वर वळवलीय." आणि तिने वहीत लिहून घेतलं. पुढे खेकडे गेले, तर ही रस्त्यावर पालथी पडली त्यांचे पाय बघायला. साठीला आलेली बाई, पांढऱ्या केसांची, भर रस्त्यात पोटावर! "ते एका बाजूचे पाय आधी उचलतात का गं? बघ ना, बघ ना." मलाही खाली वाकून बघावं लागलं. नीट बघितलं तर मजाच होती त्यांची, तिला हे मी कबूल केलं नाही.

दुपारी कड्यावर थांबलो, तर खाली पाण्यात डॉल्फिन. पाच असतील, सहा असतील. वर यायचे, पाठ दाखवायचे, गडप व्हायचे. भुसाताईने दुर्बीण खाली ठेवली आणि नुसत्या डोळ्यांनी बघत बसली.

"यांना भुसा भरता येत नाही," ती म्हणाली.

"का?"

"कातडी तेलकट. टिकत नाही." मग थोड्या वेळाने, "बरंच झालं."

तिने आयुष्यभर हजारो प्राणी हाताळले होते, आणि मला त्या कड्यावर उमगलं की त्यातले बहुतेक तिने हलताना पाहिलेच नव्हते. मला एकदम वाईट वाटलं. तिला मात्र तसं काही वाटत नव्हतं. लहान मुलीसारखे प्रश्न चालू होते. हे श्वास किती वेळाने घेतात? ते मागचं जरा मागे का राहतं? एकमेकांना हाक मारत असतील का? धाकटी फोनवर उत्तरं शोधत होती, आणि मी अंडी सोलत होते, कारण कुणीतरी सोलायला हवीत.

रात्री एका साध्या लॉजमध्ये झोपलो आणि रविवारी सकाळी आठच्या आत जेट्टीवर पोचलो.

जेट्टी म्हणजे दगडी धक्का, पाण्यात रोवलेले लाकडी खांब, दोरखंड, डिझेलचा वास. होड्या येऊन गेल्या होत्या. धक्क्याच्या तोंडाशी चहाची टपरी. आणि खांबांवर पाणकावळे. एकेका खांबावर एकेक, पंख पसरून वाळत घातलेल्या छत्र्यांसारखे उभे. इतके जवळ की दुर्बीणही नको.

भुसाताई धक्क्याच्या कडेला जाऊन बसली. आम्ही दोघी दोन बाजूंना.

सगळ्यांत जवळच्या खांबावरच्याने मान वळवली. डोळा तपकिरी. स्वच्छ तपकिरी, काही शंकाच नको.

"तपकिरी!" धाकटी टाळी वाजवायची बाकी होती. "भुसाताई, बघा! तुमचंच बरोबर! उगाच एकतीस वर्षं जीव खाल्लात स्वतःचा."

मलाही सुटल्यासारखं झालं. म्हटलं, झालं एकदाचं, चहा घेऊ आणि घरी जाऊ. पण भुसाताई हलली नाही. ती त्या पक्ष्याच्या पोटाकडे बघत होती.

"याचं पोट मळकट पांढरं आहे," ती म्हणाली.

"मग?"

"हा पोर आहे. पिल्लूपण सरलेलं नाही अजून. माझा पूर्ण काळा होता. पोटही काळं."

"अगं, कुणाला कळणार आहे?" हे मी बोलले. कबूल करते, मीच बोलले.

तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. दुसऱ्या खांबाकडे, तिसऱ्या खांबाकडे बघत गेली. चौथ्यावर एक थोराड पक्षी पाठमोरा बसला होता, नखशिखान्त काळा. आम्ही थांबलो. दहा मिनिटं गेली, वीस गेली. माझ्या पायाला मुंग्या आल्या. शेवटी कुणीतरी बादली आपटली आणि त्याने मान फिरवून थेट आमच्याकडे पाहिलं.

हिरवा. हिरवागार. त्या काळ्या डोक्यात तो डोळा असा काही चमकत होता की धाकटीच्या तोंडून "अगं बाई" एवढंच निघालं.

भुसाताई पुढे झुकली. बराच वेळ ती त्याच्याकडे बघत राहिली. मग डबा उघडला आणि कामाला लागली. नुसत्या डोळ्यांवर विसंबून रंग लक्षात राहत नाही, काहीतरी शेजारी धरून ताडून बघावं लागतं, असं ती पुटपुटली, आणि धाकटीने तत्काळ रिळांचा डबा पुढे सरकवला. बावीस हिरवी रिळं होती त्यात! पोपटी, बाटली, शेवाळी, मोरपंखी. धाकटी एकेक रीळ हात लांब करून पक्ष्याच्या दिशेने धरायची आणि दोघी भांडायच्या. "हा नाही, निळा मारतोय." "अहो, उन्हात तसा दिसतो, सावली येऊ द्या." रंगाच्या बाबतीत धाकटीसारखी नजर मी पाहिली नाही. शेवटी दोन रिळांच्या मधला रंग ठरला. भुसाताईने काचेच्या मागे ब्रशने तो भरला. एक डोळा, मग दुसरा. तासभर कुणीही चहाचं नावसुद्धा काढलं नाही.

डोळे वाळत ठेवले आणि मी चहा आणायला टपरीवर गेले. तिथे गेल्यावर राहवलं नाही. विचारलं, फार पूर्वी इथे एक जाळी विणणारे होते, एकदा मेलेला पक्षी घेऊन शहरात गेले होते. टपरीवाला हसून म्हणाला, "होते काय? आहेत. ती काय शेवटची शेड. पक्ष्याची गोष्ट अजून सांगतात."

मी येऊन भुसाताईला सांगितलं. तिचा चेहरा उतरला. तिने डोळे कापसात ठेवले, डबा बंद केला आणि उठली.

"चल. घरी जाऊ."

"अगं, पण तो माणूस..."

"काम झालंय माझं. रंग मिळाला. मंगळवारी डोळे बदलते, चिठ्ठी बदलते. चल म्हणते ना."

ती गाडीत जाऊन बसलीसुद्धा. तोंड खिडकीकडे. मी चावी फिरवली, गिअर टाकला, क्लच सोडला. गाडीने गचका खाल्ला आणि बंद पडली. पुन्हा चालू केली, पुन्हा बंद. सव्वीस वर्षांत माझ्या हातून गाडी अशी बंद पडली नव्हती. मी शेजारी बघितलं. धाकटीने दोन्ही पायांनी ब्रेक दाबून धरला होता. सगळं अंग सीटला रेटून.

"पाय काढ."

"नाही काढणार, ताई."

"धाकटे, पाय काढ म्हणते!"

"माझ्याकडे कुणाचा ब्लाउज बिघडला तर मी रंगीत दोरा विकत घेऊन घरी बसत नाही," ती म्हणाली. समोर बघूनच बोलत होती. "जिचा आहे तिला बोलावून अंगावर घालून बघते. मग ती चार शिव्या घालते, त्या ऐकून घेते."

धाकटी आम्हा दोघींच्या पुढे असं कधी बोललेली नव्हती. मागचं दार उघडल्याचा आवाज आला.

शेडमध्ये तो माणूस जमिनीवर बसून जाळं दुरुस्त करत होता. पंच्याहत्तरीच्या पुढचा, सुकलेला, पण हात भराभर चालत होते. जाळ्याचं एक टोक पायाच्या अंगठ्यात अडकवलेलं. आमच्या सावल्या पडल्या तरी त्याने मान वर केली नाही.

"काका," भुसाताई म्हणाली, "एकतीस वर्षांपूर्वी तुम्ही संग्रहालयात एक पाणकावळा आणला होता."

हात थांबले. त्याने तिच्याकडे नीट निरखून पाहिलं.

"तुम्ही हसला होतात," तो म्हणाला.

मला वाटलं, आता ती उस्तादांचं नाव घेईल. माझ्या स्वयंपाकघरात घेतलं होतं. घ्यायलाही हरकत नव्हती, खरंच होतं ते.

"हो," ती म्हणाली. "मी हसले होते. आणि चिठ्ठीवर खोटं लिहिलं. तुम्ही हिरवा सांगितला, मी तपकिरी लिहिला." मग तिने डबा उघडून कापूस त्याच्यापुढे धरला. "हे आज केलेत. बघाल का?"

त्याने अंगठ्यातून जाळं सोडवलं. हात लुंगीला पुसले, दोन्ही बाजूंनी पुसले. डोळे एकेक करून तळव्यावर घेतले आणि शेडच्या दारात उजेडात गेला. आम्ही तिघी मागे उभ्या. निकालाला उभं राहावं तशा.

"तो मेला तेव्हा माझ्याच हातात होता," तो म्हणाला. "जाळं कापून सोडवला, तेव्हा जीव होता अजून. माझ्याकडेच बघत होता. माझ्या जाळ्यात मेला, आणि मी त्याचा डोळा विसरेन होय?"



"हा बरोबर आहे," तो डावा उचलून म्हणाला. मग उजवा उन्हात फिरवला. "हा जरा गडद झालाय."

माझ्या मनात आलं, झालं, आता ही रडणार. पण भुसाताईच्या चेहऱ्यावर काय आलं सांगू? आनंद. निव्वळ आनंद. ती चटकन पुढे झाली.

"किती गडद? थोडा की बराच?"

"थोडाच. पाण्यातून वर आल्यावर कसा ओला असतो, तसा हवा."

ती तिथेच त्याच्या जाळ्यावर बसली, रंग खरवडला आणि पुन्हा भरायला घेतला. तो शेजारी उकिडवा बसून सांगत होता, अजून, अजून, बास. चार वेळा खरवडला. पाचव्या वेळी त्याने नुसती मान हलवली. मग तिने पर्समधून एक कोरी चिठ्ठी काढली आणि विचारलं, "काका, तुमचं नाव सांगा. पूर्ण."

"माझं कशाला?"

"रकाना आहे."

त्याने सांगितलं. तिने बारीक अक्षरात लिहिलं आणि शाई वाळेपर्यंत फुंकर घालत बसली.

मंगळवारी तिने डोळे बदलले. गुरुवारी मी पहाटे निघाले, आठ तासांची जाऊन येऊन फेरी केली आणि त्या माणसाला घेऊन आले. बसचं तिकीट काढून देते म्हणत होती भुसाताई. मी म्हटलं, एकदा आला होता बसने, पुरे झालं. सबंध रस्ताभर तो दुसऱ्या ब्रेकच्या सीटवर पाय आखडून, अगदी शहाण्यासारखा बसला होता. धाकटीने शिकावं त्याच्याकडून.

शुक्रवारी नव्या दालनात काचा बसवणारे कामगार थांबून होते. शेवटचं एकच कपाट उघडं होतं. पाणकावळा खांबावर पंख पसरून उभा होता, आणि त्याचे ते डोळे, काय सांगू, आपण दालनात शिरलो हे त्याला कळल्यासारखं वाटत होतं. पायाला नवी चिठ्ठी.

म्हातारा कपाटासमोर जाऊन उभा राहिला. भुसाताई या वेळी त्याच्या शेजारी गेली नाही. आमच्याजवळ भिंतीला टेकून उभी राहिली. तिने माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की दोन दिवस वळ राहिला.

त्याने आधी डावा डोळा बघितला, नंतर उजवा. मग पुढे वाकला, आणि घरच्या कुणाला विचारावं तशा हलक्या आवाजात पक्ष्याला म्हणाला, "आलास का?"

भुसाताई रडायला लागली. तोंडावर पदर नाही, काही नाही, कामगारांसमोर मोकळेपणी रडली. धाकटी तर तिच्या आधीच रडत होती. मी नाही रडले. मी कामगारांना खडसावलं, की बघता काय नुसते, पाच मिनिटं बाहेर थांबा, मग लावा तुमची काच.